मोटार कोणाच्या हातानं सुरू व्हायची

नवतपा लागला. मे संपत आला की सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नागपूरकरांच्या वाट्याला उन्हाळ्यातले सगळ्यात जाळणारे दिवस येतात. दहा वाजताच रस्ते मोकळे होतात. कूलरच्या खसच्या टट्ट्यांवरून पाणी टपकत राहतं आणि घराघरातून तो ओला, मातकट, गोडसर वास बाहेर येतो. निघालंच कोणी बाहेर तर डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून.

परवा अशाच उन्हात शहराबाहेर मिहानच्या बाजूला आम्ही सगळे भाच्याच्या नव्या घरी जेवायला गेलो होतो. निघायच्या वेळी त्याची नवी कोरी गाडी सुरूच होईना. समोरच्या पडद्यावर एक पिवळा दिवा लागला आणि विझायचं नाव घेईना. कंपनीला फोन झाला. माणूस यायला वेळ होता. मग पुरुषमंडळी गाडीभोवती गोळा झाली आणि अशा वेळी जे बोललं जातं ते सुरू झालं. जुन्या गाड्यांचा पत्रा कसा जाड, इंजिन कसं साधं, त्या कशा कधीच धोका देत नसत. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, तुम्ही सांगा. आजोबांची मोटार कशी होती?"

"भंगार होती," मी म्हणाले.

दादा, माझा मोठा भाऊ, तर दुखावलाच. "शालू, काही पण काय बोलून राहिली? बाबांच्या हातून ती मोटार कधी अडली नाही."

"बाबांच्या हातून नाही अडली," मी म्हणाले. "आणि तू तेव्हा पुण्यात शिकून राहिला होता."

घरी आल्यावर मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. तो शब्द मला मागे घ्यायचा नाही. उलट तो नीट सांगायचा आहे, कारण जुन्या मोटारींच्या भरवशाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ झाले आणि ते सगळे स्टीअरिंगवर बसणारे होते. मागच्या सीटवर बसणाऱ्यांना कोणी विचारलंच नाही.

आमच्याकडे मोटार होती. गाडी नंतर आली. हा शब्दांचा फरक आमच्या घरात सगळ्यांना कळत असे. मोटार म्हणजे काळी, लांब नाकाची, बाबांनी साठच्या दशकात एका बदली होऊन जाणाऱ्या साहेबाकडून घेतलेली विलायती. लकडगंजात आमचं लाकडाचं दुकान, त्याच्या मागे घर, आणि घरासमोर कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराखाली ती मोटार. तिचं दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज यायचा. आतल्या गाद्यांना चामड्याचा, पेट्रोलचा आणि बाबांच्या तंबाखूचा वास होता. ती सुंदर नव्हती असं मी म्हणणार नाही. दिवाळीत बाबा तिला स्वतः धूत, बॉनेटवर स्वस्तिक काढत, आणि संध्याकाळच्या दिव्यांत तिचा काळा रंग विहिरीतल्या पाण्यासारखा दिसत असे.

पण तिचा सेल्फ मेला होता. चावी फिरवून ती सुरू होत नसे. समोरच्या भोकात लोखंडी हँडल घालून फिरवावं लागे. बाबा आधी चोक ओढत, मग खाली वाकून दोन फेरे रिकामे मारत, श्वास घेत आणि मग एक झटका. मोटार खोकायची, हलायची आणि घुमायला लागायची. बाबा हँडल काढून हातात धरून सरळ उभे राहत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असे तो दुकानात मोठा व्यवहार झाल्यावरही मी पाहिला नाही.

उन्हाळ्यात तिचे नखरे वेगळेच. कामठी रोडला लागलो की थोड्याच वेळात ती अडखळायची. नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन उपाशी राहायचं. बाबा बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळत. ते फडकं म्हणजे आईचं जुनं लुगडं. आईच्या मांडीवर कायम पाण्याची बादली, तिच्यात भिजत घातलेले लुगड्याचे तुकडे. तिच्या पायाशी रेडिएटरसाठी एक डबा. आम्हाला प्यायला एक मडकं. आमच्या मोटारीत माणसांपेक्षा पाणी जास्त बसत असे. तरीही ती बंद पडायची. मग आई, मी, काकू, कधी लग्नाला निघालेल्या जरीच्या साड्यांतल्या पाहुण्या, सगळ्याजणी खाली उतरून ढकलायच्या. बाबा आत बसून ओरडत, "जोर लावा! जोर लावा नं!" मोटार सुरू झाली की ते थांबत नसत, कारण थांबले तर ती पुन्हा बंद पडेल. आम्ही तिच्यामागे पळायचो. घरी आल्यावर बाबा पाहुण्यांना सांगत, "भरवशाची आहे बरं का. कशी का होईना, आणूनच सोडते."

सेल्फ दुरुस्त होत नव्हता असं नाही. सीताबर्डीला तसलं काम करणारे होते. आईनं बाबांना किती वेळा म्हटलं. मला त्यातला एक संवाद आठवतो, कारण मी तेव्हा दहावीत होते आणि ओसरीत पुस्तक उघडून बसले होते.

"अहो, त्याचा सेल्फ नीट करून घ्या नं," आई म्हणाली. "मी भी शिकून घेईन. तुम्ही दुकानात असता, घरी काही झालं तर?"

"कायले पाहिजे तुले?" बाबा म्हणाले. "काय होणार आहे घरी? मी आहो नं."

"पण केला तर काय बिघडते?"

"त्याचे पार्ट मिळत नाही. आन् सेल्फ लागला का मंग कोणी भी घेऊन जाईन."

कोणी भी म्हणजे कोण, हे मी तेव्हा पुस्तकातून डोकं वर काढून विचारायला हवं होतं. चोर तर लकडगंजात असल्या मोटारीला हात लावणार नव्हता. बाबा वाईट नव्हते. आम्हाला मारलं नाही, शिकवलं, मला कॉलेजात घातलं. पण ती मोटार फक्त त्यांचं ऐकते हे त्यांना आवडत होतं, आणि हे आवडणं इतकं साधं होतं की त्यात काही चूक आहे असं त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं.

मग तो नवतपा आला. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. दुकान दुपारी बंद, मजूर घरी गेलेले. बाबा सकाळपासून उन्हात उभं राहून सागाच्या ओंडक्यांचा माल उतरवून घेत होते. जेवायला आले तेव्हा डोळे लाल झाले होते. डाळ-भात तसाच ठेवला. डोकं दुखतं म्हणाले, मग उठले आणि म्हणाले, इतवारीत एका माणसाला भेटून येतो.

"एवढ्या उन्हात?" आई म्हणाली. "संध्याकाळी जा नं."

ते बाहेर गेले. आम्हाला हँडलचा आवाज आला. एक फेरा, दुसरा फेरा. मग काहीच नाही. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला नाही म्हणून आईनं दारातून पाहिलं. बाबा मोटारीसमोर जमिनीवर आडवे होते. त्यांचं अंग तव्यासारखं तापलं होतं, आणि घाम अजिबात नव्हता. ते काहीतरी बोलत होते, पण ते शब्द नव्हते.

शेजारच्या रामटेके काकू आईची हाक ऐकून धावत आल्या. त्या महानगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी बाबांच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "ऊन लागलं. दवाखान्यात न्या, लवकर न्या. पोरी, पाणी आण, चादर भिजव."

मी चादर भिजवून बाबांवर टाकली. फोन दुकानात होता आणि दुकानाची किल्ली बाबा नेहमी कुठे ठेवतात हे आम्हाला माहीत नव्हतं. रस्त्यावर रिक्षा तर सोडाच, कुत्रंही नव्हतं. आणि आमच्यासमोर, हाताच्या अंतरावर, पेट्रोल भरलेली, धुतलेली, पुसलेली ती भरवशाची मोटार उभी होती. हँडल अजून तिच्या नाकात अडकलेलं होतं.

काकू म्हणाल्या, "मले चालवता येते. माह्या भावाची जीप मी चालवली आहे. तुम्ही फक्त सुरू करा."

ढकलून सुरू करायला चार-पाच जणी लागत, आणि ढकलायला आम्ही दोघीच होतो. आईनं पदर खोचला आणि हँडल धरलं. पहिल्यांदा ते हललंच नाही. दुसऱ्यांदा अर्धं फिरलं. तिसऱ्यांदा तिनं सगळं अंग त्यावर टाकलं, आणि इंजिन उलटं फिरलं. हँडल झटका देऊन परत आलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आई खाली बसली नाही. उजवा हात छातीशी धरून तिनं मोटारीकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे झाले होते.

"ठेला आण," ती मला म्हणाली.

दुकानाबाहेर फळ्या वाहायचा ठेला उभा असायचा, लांब, सपाट, चार चाकांचा. त्यावर गोणपाट टाकलं, बाबांना झोपवलं, त्यांच्यावर ओली चादर घातली. मी आणि काकू मागून ढकलत होतो. आई बाजूनं चालत होती, डाव्या हातानं बाबांच्या डोक्यावर मडक्यातलं पाणी घालत होती. डांबर मऊ झालं होतं. चाकं त्यात रुतत होती, सुटताना चिकट आवाज करत होती. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं बाकाखालून उठून बर्फाची लादी गोणीसकट बाबांच्या बाजूला ठेवली आणि तोही ढकलायला लागला. आमच्या दोन्ही बाजूंना घरं होती, घरांत लोक होते, टट्ट्यांआडून बघत असतील. मला कोणाची लाज वाटली नाही. मला राग येत होता, इतका की माझे पाय त्या रागावरच चालत होते.

बाबा वाचले. थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांचं लक्ष आईच्या हाताकडे गेलं. त्यांनी मनगट तपासून विचारलं, "हँडलचा मार आहे नं? अंगठा मुठीभोवती गुंडाळला होता का?"

आई म्हणाली, "मंग कसा धरतात?"

"बोटांच्याच बाजूनं ठेवायचा असतो. उलटं फिरलं तर हात सुटतो. मोटार ठेवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असते हे."

बाबांना ठाऊक होतं. त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण आमच्यापैकी कोणी हँडलला हात लावील हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट दादाला माहीत आहे. पुण्याहून आल्यावर त्यानं आईच्या प्लास्टरवर हात फिरवला होता, त्याचे डोळे भरले होते. पण त्यानंतर जे झालं ते त्याच्या लक्षातच आलेलं नाही, आणि माझ्या मनात घर करून बसलं आहे ते तेच.

डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, आता हृदयावर ताण नको, हँडल बंद. बाबा घरी आले, थोडं बरं वाटताच त्यांनी सीताबर्डीहून मिस्त्री बोलावला. मिस्त्री एका सकाळी आला, आणि जेवायच्या वेळेपर्यंत सेल्फ लागला. इतकंच काम होतं. पार्टही मिळाला. बाबांनी आत बसून चावी फिरवली, मोटार घुमायला लागली, आणि त्यांनी आनंदानं आईला हाक मारली.

"ये वं, पाह्य! झाला चालू. आता तू भी शिकून घे पाहिजे तर."

आई दारात उभी होती, हात गळ्यातल्या झोळीत. मी तिच्या मागे होते. तिनं मोटारीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी म्हणत होती तवा पार्ट नव्हता मिळून राहिला."

बाबांनी इंजिन बंद केलं. "तवाची गोष्ट वेगळी होती," ते म्हणाले.

"काय वेगळी होती?"

बाबा चावी काढून खाली उतरले. आईनं उत्तराची वाट पाहिली नाही. "मले नाही पाहिजे तुमची मोटार," ती म्हणाली. "मी नवीन घेईन. लहानी. माह्या नावानं."

त्या काळी ती नवी छोटी गाडी यायला लागली होती. तिच्यासाठी नंबर लावावा लागे, महिनेच्या महिने वाट पाहावी लागे. आईनं प्लास्टर निघायच्या आधी डाव्या हातानं अर्जावर सही केली. नातेवाइकांत चर्चा झाली. काका येऊन बाबांना म्हणाले, "वहिनीचं डोकं फिरलं का? ती गाडी म्हणजे पत्र्याचा डबा आहे. ठोकर लागली का चपटी होते." आई आतून चहा घेऊन आली, कप त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, मले ठोकर नाही मारायची कोणाले. फक्त सुरू झाली पाहिजे."

आई गाडी चालवायला शिकली ते मैदानावर, रामटेके काकूंबरोबर. शिकवणाऱ्या मास्तरच्या गाडीत पुढे आई, मागे काकू आणि मी. क्लच सुटायचा, गाडी उडी मारायची, मैदानावर क्रिकेट खेळणारे हसायचे. आईचं मनगट थोडं वाकडंच जुळलं होतं, गिअर टाकताना दुखायचं. ती कण्हायची नाही. एकदा मास्तर म्हणाला, "बाई, या वयात कशाला त्रास करून घेता, ड्रायव्हर ठेवा." आईनं ब्रेक लावला, त्याच्याकडे वळली आणि विचारलं, "तुमचं वय काय?" तो आईपेक्षा मोठा निघाला. मग तो गप्प शिकवायला लागला, आणि शिकवलंही चांगलं.

गाडी आली ती पांढरी. सकाळी, दुपारी, नवतप्यात, थंडीत, चावी फिरवली की सुरू. आईनं फिरवली तरी, मी फिरवली तरी. इंजिनच्या पंख्याचा आवाज आपोआप सुरू व्हायचा, आपोआप थांबायचा. पेट्रोलच्या पंपाला लुगडं नेसवावं लागलं नाही. बाबा तिच्याभोवती फेरी मारून बोटानं पत्रा दाबून बघत. "पापड आहे," म्हणत. असेल. पण पुढच्याच वर्षी रामटेके काकूंच्या मुलीला अपेंडिक्सचा त्रास उठला तेव्हा आई चप्पल न घालता गाडीत बसली आणि आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा ती मुलगी अजून शुद्धीत होती, रडू शकत होती.

नवी गाडी बंद पडत नसे असं मी म्हणणार नाही. एकदा वाडीजवळ, अमरावती रोडवर, गोडाउनांसमोर ट्रकांच्या रांगेत बॅटरी बसली. ना भोक ना हँडल, बॉनेट उघडून आम्हाला काही कळेना. एका ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून आला, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "साहब कहाँ हैं?"

"साहब घरपे हैं," आई म्हणाली. "गाडी मेरी है. धक्का मारो."

त्यानं मारला. आणखी चौघं आले, त्यांनीही मारला. आईनं दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. ती थांबली, इंजिन चालू ठेवून, मी पळत जाऊन बसेपर्यंत. मला मागे पळवत ठेवलं नाही.

तेव्हा जुन्या मोटारींचं गुणगान मी ऐकून घेते, पण मान डोलावत नाही. पत्रा जाड होता, खरं आहे. इंजिन साधं होतं, रस्त्यात पान्यानं खोलता येत होतं, तेही खरं. भाच्याची गाडी पडद्यावरच्या एका दिव्यापायी अडून बसते, तिच्या पोटात काय चाललंय ते तिच्या मालकालाही कळत नाही, हे मला मुळीच आवडत नाही. उद्या त्या कंपन्यांनी ठरवलं की आमच्याशिवाय ही गाडी कोणी उघडायची नाही, तर मी त्यांच्याशीही भांडेन, आणि नेमकं त्याच कारणासाठी भांडेन. पण मोटार जर घरातल्या एकाच माणसाचं ऐकत असेल आणि बाकीच्यांचं मनगट मोडत असेल, तर तिला भरवशाची म्हणायला मी तयार नाही. माझ्यापुरता तो शब्द मी तिच्याकडून काढून घेतला आहे.

त्यानंतरचा एक नवतपा मला फार आवडतो. भर दुपार. बाबा ओसरीत आरामखुर्चीत पडले होते, डोळ्यांवर ओला पंचा. आईनं अचानक मला आणि रामटेके काकूंना हाक मारली, म्हणाली, चला. काचा खाली, तोंडाला दुपट्टे, आम्ही तिघी कामठीच्या पुढे निघालो. गरम वारा कानात गात होता. रस्त्याच्या कडेचे गुलमोहर पेटल्यासारखे लाल होते. काकू मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि मोठ्यानं हसत होत्या, कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कन्हानच्या पुलाजवळ आईनं गाडी झाडाखाली उभी केली. नदीत पाणी थोडंच होतं, वाळूच जास्त. आम्ही वाळूतून चालत त्या थोड्या पाण्यापर्यंत गेलो, पाय बुडवून उभ्या राहिलो. आईनं साडी घोट्याच्या वर धरली होती. मग आम्ही परत गाडीत बसलो, आईनं चावी फिरवली, आणि घरी आलो.

बाबा जागे झाले होते. त्यांनी आमच्या साड्यांच्या ओल्या काठांकडे पाहिलं.

"कुठं गेली होती एवढ्या उन्हात?"

"कन्हानले," आई म्हणाली.

"काहून? कोण आहे तिथं आपलं?"

"कोणी नाही," आई चप्पल काढता काढता म्हणाली. "नदी आहे."